द्वारपाल आणि रंकाळवेसची रांग

चेंडू कुठे जाणार हे मारणाऱ्यालाच नक्की ठाऊक नसतं. मग समोरच्या बचावपटूला ते त्याच्या आधी कसं कळतं?

मी सातवीत होते तेव्हा हे कोडं सगळ्या कोल्हापूरला पडलं होतं, आणि कोल्हापूरला पडलेलं कोडं दूध कट्ट्यावर, म्हणजे लोक ताजं धारोष्ण दूध प्यायला जमतात तिथे, सोडवलं जातं. तिथे तीन उत्तरं निघाली होती. एक, पुणेकरांनी चेंडूत काहीतरी बसवलंय. दोन, रेफरी फितूर आहे. तिसरं उत्तर आमच्या पोरांच्या खाण्यापिण्याबद्दल होतं. तिन्ही चुकीची होती, पण सांगणारे इतक्या खात्रीनं सांगत, की ऐकणाऱ्याला आपणच चुकतोय असं वाटे.

मुलांनो, हा फार जुना काळ. तेव्हा ड्रोन भाजी आणून देत, पण निवडून देत नसत. शाळेत माणसं शिकवत. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये माणसंच धावत, मुलगे आणि मुली एकाच संघातून, आणि पडली की त्यांना खरोखर लागत असे. नियम मात्र चार वर्षांपूर्वी एक नवा आला होता. प्रत्येक संघाला सल्ला देणारं एक यंत्र ठेवायची मुभा मिळाली होती.

पुण्याच्या एका कॉलेजकडे असं यंत्र होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं खुलासा मागतात. यंत्राचं नाव द्वारपाल. मैदानाच्या कडेला कपाटाएवढी पेटी, चार कोपऱ्यांत चार कॅमेरे, आणि प्रत्येक खेळाडूच्या कानात मसुराच्या दाण्याएवढा ध्वनिक (कानात बसणारा छोटा स्पीकर). "डावीकडे सरक." "मागे ये." "थांब." एवढंच तो बोलायचा, आणि चेंडू बरोबर त्या माणसाच्या पायाशी यायचा.

आमच्या रंकाळवेस कॉलेजकडे यंत्र नव्हतं. चार वर्षांत द्वारपालावर आमचा एकही गोल झाला नव्हता. शेवटी प्राचार्य घोरपडेसरांनी सांगून टाकलं, की यंदाही गोल झाला नाही तर संघ बंद आणि मैदानावर ड्रोनतळ. जिंकायची अट त्यांनी घातली नाही. ते मराठीचे प्राध्यापक होते, त्यांना अतिशयोक्ती आवडत नसे.

संघाची कॅप्टन होती माझी चुलतबहीण तेजाताई. ती गडहिंग्लजहून आमच्याकडे राहायला आली होती ती फक्त ह्या संघासाठी. सामन्याच्या आदल्या आठवड्यात ती सरावाहून आली, कॉलेजचा हिरवा पट्ट्यापट्ट्यांचा चेंडू तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आदळला आणि म्हणाली, "संपलं. मी काय आता चेंडूला हात लावत नाही."

"फुटबॉलला तसंही हात लावायचा नसतो," आबा पेपरातून म्हणाले.

आबा म्हणजे आमचे आजोबा. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यभर 'शक्यता' शिकवल्यामुळे ते कुठल्याच गोष्टीला हो किंवा नाही म्हणत नसत. आजी त्यांना जेवायला बसताय का विचारायची, तर म्हणायचे, "बहुधा."

तेवढ्यात ओट्यापाशी 'खच्च' असा आवाज आला. बबननं चेंडू कापला होता.

बबन म्हणजे आमचा स्वयंपाकघरातला रोबो. सुरी हातात धरून तो शांतपणे म्हणाला, "कलिंगड. पिकलेलं. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

"आरं ए मुडद्या!" तेजाताई ओरडली.

आबा मात्र खुर्चीतून ताडकन उठले. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं. "पोरी, ह्याला अजून काहीतरी दाखव बघू. खायचं नसलेलं."

मी आबांचं पायताण पुढे केलं. बबन म्हणाला, "भाकरी. करपलेली." आबांचा चष्मा दाखवला. "कांदा. दोन चकत्या."

"बघितलंस?" आबा म्हणाले. "ह्याला शिकवताना लाखो चित्रं दाखवली. भाज्या, फळं, भाकऱ्या. याला म्हणतात प्रशिक्षण-संच (यंत्राला शिकवण्यासाठी दाखवलेली सगळी उदाहरणं). त्यात चेंडू नव्हता. मग चेंडू समोर आल्यावर हा काय करतो? जे माहीत आहे त्यातलं सगळ्यात जवळचं उत्तर शोधतो आणि छातीठोक सांगतो. 'मला माहीत नाही' हे उत्तर त्याला कुणी शिकवलेलंच नाही."

"कट्ट्यावरच्या लोकांसारखं," मी म्हणाले.

"बहुधा," आबा म्हणाले. "आणि द्वारपालासारखंही."

मग त्यांनी जेवणाच्या टेबलावर मैदान मांडलं. शेंगदाणे म्हणजे आपण, फुटाणे म्हणजे पुणे.

"गोलकीपर सोडून हे दहा शेंगदाणे जसे उभे आहेत, त्याला म्हणायचं रचना (मैदानात कुणी कुठे उभं राहायचं याची ठरलेली मांडणी). द्वारपालानं जगभरातले लाखभर सामने बघितलेत. तो तुझ्या पायाकडे बघत नाही, तेजा. तो रचना बघतो. तशीच रचना आठवणीतून काढतो, आणि तेव्हा चेंडू पुढे कुठे गेला होता ते फुटाण्याच्या कानात सांगतो. तो भविष्य सांगत नाही. भूतकाळच सांगतो, फक्त लवकर."

"म्हणजे आम्ही नेहमीसारखं उभं राहिलो की घावलो."

"घावलात. म्हणून नेहमीसारखं उभंच राहायचं नाही." असं म्हणून आबांनी आमचा उजवा आघाडीवीर उचलला आणि खाल्ला. बोलण्याच्या नादात ते संघाची संख्या अशी कमी करत असत.

तो आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. संध्याकाळी मैदानावर उन्हं तिरकी व्हायची, शेजारच्या तालमीतून शड्डूंचा आवाज यायचा, आणि आबा शिट्टी गळ्यात अडकवून दहा जाणत्या खेळाडूंना वेड्यासारखं उभं करायचे. कधी सगळे डाव्या कडेला गोळा. कधी पाच-पाचचे दोन घोळके, मध्ये सगळं रान मोकळं. मुजम्मिल बागवान म्हणून आमचा एक किडकिडीत आघाडीवीर होता, फ्री किक मारण्यात पटाईत. तो म्हणायचा, "सर, असं उभं राहिलेलं आमच्या अब्बांनी बघितलं तर घरात घेणार नाहीत."

सामन्याच्या दिवशी निम्मं कोल्हापूर मैदानावर होतं. उरलेलं निम्मं गच्च्यांवर. सुरुवातीला दोन्ही संघांनी समोरासमोर रांग लावून हस्तांदोलन केलं. पुण्याचा कॅप्टन निषाद पटवर्धन तेजाताईला म्हणाला, "ऑल द बेस्ट हं." ती म्हणाली, "बघतो की मी." आमच्याकडे मुलीही असंच बोलतात. निषाद जरा गोंधळला, पण त्याच्या कानात काहीतरी सूचना आली असावी, कारण तो लगेच सावरला.

पहिल्या अर्ध्या डावात आम्ही घोळके करून बघितले, गोळा होऊन बघितलं. फुटाणे क्षणभर घुटमळायचे, मग द्वारपाल जवळपासची कुठली तरी रचना शोधायचा आणि ती चालून जायची. घोळका म्हणजे शेवटी कॉर्नर किकच्या वेळची गर्दीच. शिवाय एक गोष्ट आबांनी शेंगदाण्यांवर सांगितली होती ती आता प्रत्यक्ष दिसली. मैदानात माणसं तेवढीच असतात. एका जागी जास्त उभी केलीत, की दुसरी जागा रिकामी पडते. त्या रिकाम्या जागेतून पुण्यानं दोन गोल केले.

मध्यंतर झालं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "आबा, पोरांना दहीहंडी शिकवलीसा व्हय!" घोरपडेसर मैदानाची लांबी डोळ्यांनी मोजत होते. तेजाताई बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती.

"चुकलं माझं," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'बहुधा' लावलं नाही.

मला एकदम बबन आठवला. "आबा, बबननं तुमच्या चष्म्याला 'हे काहीतरी विचित्र आहे' असं नाही म्हटलं. कांदा म्हटलं."

"मग?"

"मग नुसतं विचित्र उभं राहून काय उपयोग? आपण दुसऱ्याच कशासारखं तरी दिसायला पाहिजे. ज्यात खेळ नसतोच अशा कशासारखं."

"खेळाडू मैदानात आहेत आणि खेळ नाही, असं कधी असतं?" तेजाताईनं विचारलं.

आबा सावकाश उठून उभे राहिले. "सामन्याच्या आधी," ते म्हणाले, "आणि नंतर. हस्तांदोलनाची रांग! लाखभर सामन्यांची चित्रणं घेतली असतील, पण पुढचा-मागचा भाग कापत कोण बसतंय? रांगही प्रशिक्षण-संचात गेलेली असणार. प्रत्येक सामन्यात दोनदा!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण त्याला घड्याळही कळतं. मध्येच रांग लावली तर तो फसणार नाही. अगदी शेवटाला लावायची. आणि ही युक्ती एकदाच चालेल, पोरांनो. प्रत्येक डावाला तोड असते, आणि यंत्राला ती लवकर सापडते."

"सर," मुजम्मिल म्हणाला, "आमच्या पेठेत रांगेत उभं राहायची कुणालाच सवय नाही."

दुसऱ्या अर्ध्यात पुण्यानं तिसरा गोल केला. आम्ही मुकाट नेहमीच्या रचनेत खेळत राहिलो आणि घड्याळ सरकायची वाट बघत राहिलो. लोक गच्च्यांवरून उतरायला लागले. अगदी शेवटाला निषादनं मुजम्मिलला पाडलं आणि शिट्टी वाजली. फ्री किक.

तेजाताईनं हात वर केला. मुजम्मिल एकटा चेंडूपाशी थांबला. बाकीचे सगळे पुण्याच्या गोलच्या पुढ्यात गेले आणि एकामागे एक, सरळ रांगेत, शांत उभे राहिले. सगळ्यात शेवटी, गोलच्या अगदी जवळ, तेजाताई. गच्च्यांवरून उतरणारे लोक जिथल्या तिथे थांबले. रंकाळवेसची पोरं रांगेत उभी आहेत, हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं.

पेटीत काय झालं ते नंतर कळलं. द्वारपालानं रांग बघितली, घड्याळ बघितलं, आणि आपल्या आठवणीतलं सगळ्यात जवळचं उत्तर काढलं. खात्री नव्याण्णव टक्के. कानाकानांत सूचना गेली: "सामना संपला. रांगेत या."

पुण्याचे खेळाडू आले. शिस्तीत. आमच्या रांगेसमोर त्यांनी आपली रांग लावली. ती आमच्यापेक्षा लांब झाली, त्यामुळे त्यांचे दोघं तेजाताईच्याही पलीकडे, गोलच्या बाजूला उभे राहिले आणि ऑफसाइडचा प्रश्न उरला नाही. एकानं केस नीट केले. त्यांच्या गोलकीपरनं हातमोजे काढून काखेत धरले.

"अरे, पण शेवटची शिट्टी कुठे झाली?" एक जण पुटपुटला.

"द्वारपाल म्हणतोय ना," निषाद म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

मुजम्मिलनं चेंडू हलकेच रांगेच्या शेवटाकडे सरकवला. तेजाताईनं तो पायानं अडवला, वळली, आणि मोकळ्या गोलमध्ये असा ढकलला, जसं आपण दार लोटतो.

मग जो आवाज झाला तो रंकाळ्यापलीकडे ऐकू गेला म्हणतात. गुलाल उधळला. आम्ही तीन-एकनं हरत होतो, पण हे लक्षात आणून देणारा माणूस आसपास नव्हता. घोरपडेसर "गोल! गोल!" म्हणून नाचत होते आणि तीही अतिशयोक्ती नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं. तेजाताई निषादपाशी गेली. "वाईट वाटून घेऊ नको भावा. तू बघत होतास, पण बघत नव्हतास."

निषादनं एकदा पेटीकडे बघितलं. मग त्यानं कानातला दाणा काढला आणि खिशात टाकला. त्याचं बघून एकेकानं काढला. वाढीव वेळेची उरलेली काही मिनिटं दोन्ही संघ नुसत्या डोळ्यांनी खेळले. चुकले, एकमेकांवर आपटले, एकानं तर चेंडू थेट आबांच्या खुर्चीवर मारला. गोल कुणाचाच झाला नाही. शिट्टी झाली तेव्हा सगळे हसत होते. त्यानंतर मी पुष्कळ चांगले सामने पाहिले. तसा एकही नाही.

रंकाळवेसचा संघ राहिला. मैदान आजही आहे. आबा नाहीत.

जायच्या आधी त्यांनी एक काम मात्र केलं. पुण्याच्या कॉलेजनं त्यांना बोलावून घेतलं, द्वारपालाला हस्तांदोलनाची रांग नीट शिकवायला. आबा म्हणाले, "रांग शिकवून काय होणार? उद्या आमची पोरं दुसरं काहीतरी करतील. मी त्याला अनिश्चितता (आपली माहिती कुठे कमी पडते याचा अंदाज) शिकवतो." म्हणजे समोरचं दृश्य पाहिलेल्या सगळ्या उदाहरणांपासून फार लांब असेल, तर जवळचं उत्तर ठोकून द्यायचं नाही, 'हे मी पाहिलेल्यापेक्षा फार लांबचं आहे' असं सांगायचं. याला दोन वर्षं लागली. पुण्यात राहून 'मला माहीत नाही' म्हणायला शिकणं यंत्रालाही सोपं गेलं नसावं.

तिसऱ्या वर्षी पुणेकर पुन्हा आमच्या मैदानावर आले. तेजाताई आता पोरांना शिकवत होती, आणि तिच्या संघानं अशी काही रचना लावली, की आबासुद्धा चष्मा पुसायला लागले. त्या वर्षी यंत्राचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकवायचा नियम झाला होता. सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. द्वारपाल बराच वेळ गप्प राहिला. मग भोंग्यातून आवाज आला:

"मला माहीत नाही. तुम्हीच बघा."

पुण्याच्या मुलांनी माना वर केल्या आणि बघायला लागले. आणि आमच्या कोल्हापूरनं, जे कुणाचंच सहजासहजी कौतुक करत नाही, उठून उभं राहून एका कपाटासाठी टाळ्या वाजवल्या.