फॉर्मवरचा नंबर

वाडीच्या त्या सेवा केंद्रात मी पहिल्यांदा गेले ती आधारची प्रत काढायला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत वाळ्याच्या कूलरचा ओला, गार वास... आणि एक आजी खणखणीत आवाजात ओटीपी सांगत होत्या. अख्खी रांग ऐकत होती!

"आजी, हळू बोला ना... मलेही नका सांगू. तुम्हीच टाका," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवून त्याने मान वळवली. ती वळली नेमकी माझ्याकडे. झालं! मी तिथेच गेले कामातून.

त्याचं नाव प्रशिक. पहिले आठ आकडे झाकलेली प्रत त्याने माझ्या हातात ठेवली. "खोली भाड्यानं घ्यायले एवढी पुरते. पूरा नंबर वाटत फिरू नका."

"तुम्ही तर पूरा पाहिला—"

"पाहिला. पण ध्यानात नाही ठेवला."

पुढे महिनाभर मी काही ना काही निमित्त काढून जात राहिले. दर वेळी नवा फॉर्म, त्यावर माझा मोबाइल नंबर, तोही टपोऱ्या अक्षरात. पण या पठ्ठ्याचा फोन... चुकूनसुद्धा नाही! आणि सोमवारपासून माझी नोकरी बुटीबोरीला, मुक्कामही तिकडेच.

शनिवारी मी तडक काउंटर गाठलं. "माहा नंबर आहे ना तुमच्यापाशी? मग काहून नाही केला फोन?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तो फॉर्मसाठी दिला होता तुम्ही... माह्यासाठी थोडीच! लोक भरोशावर कागद देतात, रोशनी. मन तर लय झालं... पण कसा वापरू?"

"अन् मी अशीच चालली गेली असती त?"

माझा राग कुठे पळाला कोण जाणे. असा माणूस हातचा सुटला असता, या विचारानेच मला रडू यायला लागलं.

"मग लिहा," मी म्हटलं आणि दहाही आकडे सावकाश सांगितले. "हा फॉर्मसाठी नाही. तुमच्यासाठी."

त्याने मोबाइल उचलला. आमच्यामध्ये हातभर काउंटर... आणि माझा फोन वाजला!

"हॅलो... मी प्रशिक बोलून राहिलो."

"बोला."

"तुम्ही मले लय आवडता. समोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून..."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मी फोन कानालाच धरून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मलेही," मी म्हटलं. "सोमवारी बुटीबोरीले सोडायले येता का?"

"येतो," तो म्हणाला. आणि फोन काही दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.