डॅगेटचा चेहरा

"शेवटचं पान गायब!" डल्सी धापा टाकत सभागृहाच्या पायऱ्या उतरली. "पेटिफरसाहेबांनी चित्रांची अख्खी पेटी उलटी केली. नाहीच!"

"चोरी!" बार्नबीचे डोळे चमकले. "वा! सुट्टी सत्कारणी लागली म्हणायची! हेस्टर, चल, चोराला पकडू या!"

हेस्टर बुटाची नाडी बांधायला वाकली. काय बोलणार, कपाळ! चोर तीच तर होती.

तिच्या आजोबांनी तरुणपणी मुलांच्या एका साप्ताहिकात 'पाणबुड्या डॅगेट' ही चित्रकथा रंगवली होती. पितळी टोप घालून समुद्राच्या तळाशी शत्रूला लोळवणारा हा वीर. त्याचा चेहरा मात्र कुणी कधी पाहिला नव्हता. शेवटच्या पानावर तो टोप काढणार होता. बाकीचं पान शाईनं पुरं करून आजोबांनी निळ्या पेन्सिलीनं चेहऱ्याच्या पुसट रेघा मारल्या. निळं छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे चित्रकार आधी निळ्यानं चाचपडतात आणि मग शाई फिरवतात. पण चेहऱ्यावर शाई फिरायच्या आतच अंकावर झळकलं, "आनंदाची बातमी, दोस्तांनो!" त्या काळच्या पोरांना याचा अर्थ बरोबर कळायचा. तुमचं साप्ताहिक बंद, पुढच्या आठवड्यापासून ते दुसऱ्या साप्ताहिकाच्या पोटात! आजोबांनी दौतीचं झाकण लावलं ते कायमचं.

आता लंडनचे प्रकाशक पेटिफरसाहेब नव्या मुलांसाठी डॅगेटला परत आणणार होते. आज इथे स्कारबरोच्या सभागृहात त्या चित्रांचं प्रदर्शन होतं. "शेवट असेल तरच पुस्तक," असं त्यांनी बजावलं होतं. आजोबा नवा टाय लावून सकाळपासून खुर्चीच्या टोकावर बसले होते.

आणि हेस्टरनं काय केलं होतं? बिचाऱ्याला चेहराच नाही, म्हणून रविवारी आपल्या स्केचपेननं गुलाबी गाल आणि हसरं तोंड काढून दिलं होतं. डॅगेट पार डुकराच्या पिल्लासारखा दिसायला लागला! तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. आज सकाळी तिनं ते जाड पुठ्ठ्यावरचं पान पेटीतून हळूच काढून चहाच्या कपाटामागे सरकवलं होतं.

"आधी कपाटामागे बघू," ती पुटपुटली.

"तिथंच का?" बार्नबीनं विचारलं.

"अशीच... शंका आली."

तिघं आत धावली, पण कपाटामागे काहीच नव्हतं! आता तर हेस्टरलाही पान कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.

"अय्या, इकडे बघा!" डल्सी ओरडली. "गुलाबी चहा!"

टेबलावर चहाचा भलामोठा बंब होता. त्याची तोटी टपटप गळत होती आणि खालची पांढरी चादर चक्क गुलाबी झाली होती. तो गुलाबी रंग हेस्टरनं लगेच ओळखला. बार्नबीनं वाकून पाहिलं. बंबाखाली दाबलेल्या पुठ्ठ्याचा कोपरा उचलला, तर त्याच्या उलट्या बाजूला डॅगेटचा बूट!

"साहेब! त्या बंबाखाली—" बार्नबी ओरडला.

"तो पुठ्ठा होय?" पेटिफर फोनवरचा हात न काढता म्हणाले. "कपाटामागे पडला होता. तोटी गळत होती, दिला सरकवून. आता बाहेर खेळा बरं! आम्ही इथे एक अनमोल पान शोधतोय."

"ऐकतील तर शपथ!" बार्नबीनं कपाळावर हात मारला. "ओढलं तर फाटेल. आणि हा भरलेला बंब उचलणार कोण? उकळतोय नुसता!"

"रिकामा केला तर?" हेस्टर म्हणाली आणि खुर्चीवर चढली. "आनंदाची बातमी, दोस्तांनो! चहा फुकट! बिस्किटंही फुकट!"

ते शब्द ऐकून आजोबा दचकले. बाकीचं सभागृह मात्र शिस्तीत रांगेत उभं राहिलं. डल्सी कप देत होती, बार्नबी तोटी सोडत होता. "अजून घ्या ना काकू! लाजताय काय!" बघता बघता बंब हलका झाला. दोघांनी फडक्यानं धरून तो उचलला आणि हेस्टरनं पान अलगद काढून घेतलं.

पान चहानं तपकिरी झालं होतं, पण आजोबांची पक्की काळी शाई तसूभरही हलली नव्हती. निळ्या रेघाही जागच्या जागी. डुकराचं पिल्लू तेवढं साफ धुऊन गेलं होतं!

"शाब्बास!" आजोबा खुर्चीतून उठून आले. "पोरांनो, माझा डॅगेट वाचवलात तुम्ही!"

टाळ्या कडाडल्या. पेटिफर लाजेनं लालबुंद झाले. "मीच मूर्ख! आणि ही गुलाबी घाण... तीही माझ्यामुळेच. माफ करा, ॲक्रॉइडसाहेब," ते आजोबांकडे वळून म्हणाले.

हेस्टर गप्प राहिली असती, तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण दुसरा माणूस तिच्या चुकीची माफी मागत होता. हेस्टरला ते सहन होईना.

"गुलाबी माझं होतं, आजोबा," तिला रडू फुटलं. "तोंड मी रंगवलं. लपवलंही मीच."

बार्नबीनं आ वासला. आजोबांनी पान उजेडात धरलं.

"विचारायचं होतंस गं," ते म्हणाले. हेस्टरनं मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"कसा काढला होतास?"

"हसरा. तुमच्यासारखा काढायचा होता. जमलं नाही."

आजोबांनी कोटाच्या खिशातून निळ्या पेन्सिलीचं थोटूक काढून तिच्या हातात ठेवलं.

"पुन्हा काढ. मी इथेच बसतो. हे निळं आहे, चुकलं तरी कॅमेऱ्याला दिसत नाही."

"पण तुम्हांला दिसेल ना, आजोबा."

"मला दिसेलच," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पेटीतली दौत काढून तिचं झाकण उघडलं. "म्हणून तर शाई मी फिरवणार."