एक पट्टी जास्त

सलग दुसरी रात्र तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कारण काय, तर फोनमध्ये टाइप करून ठेवलेल्या चार ओळी. पाठवायच्या राहिलेल्या.

रविवारी ती इमारतीतली पाच पोरं आणि आपली बटण अशी वरात घेऊन मनोरंजन पार्कात गेली होती. बटण म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. जन्मली तेव्हा तेवढीशीच होती म्हणून. तिकिटं एकत्र काढली की सवलत मिळते, त्यामुळे सगळी तिच्याच नंबरवर. साहजिकच सोमवारी रात्री पावणेदहाला आरोग्य खात्याचा मेसेज आला, तो तिला एकटीलाच. शहरभर पसरत चाललेल्या गोवराची लागण झालेलं एक मूल रविवारी त्याच पार्कात होतं. ज्यांची लस राहिली आहे त्यांना बहात्तर तासांच्या आत टोचून घ्या. सोबत आलेल्या सगळ्यांना कळवा.

मंगळवारी सकाळी आठला ती बटणला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी होती. सर्दीचं निमित्त करून तीनदा पुढे ढकललेला डोस एकदाचा झाला. बाकीच्या घरांना मात्र... आधी खात्री करू, मग सांगू. मागच्याच महिन्यात पाण्याला वास येतोय म्हणून तिने अख्ख्या इमारतीला पाणी उकळायला लावलं होतं आणि वास निघाला होता तिच्याच बादलीतून. तेव्हापासून बायकांच्या ग्रुपवर तिचं नाव 'धोक्याची घंटा'. पुन्हा हसं करून घ्यायची तिची तयारी नव्हती. हेल्पलाइन लागेना. मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळी पाच वाजले, बहात्तर तास संपले, आणि घंटा काही वाजली नाही.

त्या पाचांत तिसऱ्या मजल्यावरचं आठ महिन्यांचं तान्हं होतं. "तू आहेस ना बरोबर, मग मला कसली काळजी?" असं म्हणून त्याच्या आईने ते बाबागाडीसकट तिच्या हवाली केलं होतं.

त्याच बुधवारी रात्री सव्वादहाला वीज गेली. नवरा रात्रपाळीला. बटण आत झोपलेली. गॅलरीत सासरे, धाकटा दीर आणि ती, तिघं वारा शोधत बसले होते.

"वहिनी, शनिवारी आमची टोळी पार्कात चाललीय," दीर म्हणाला. "तिकीट निम्म्यावर आणलंय. रांगाच नाहीत म्हणे."

"रांगा का नाहीत, ते विचारलंस का?" सासरे म्हणाले.

"गोवर लहान पोरांना होतो, बाबा. मला मिशा आल्यात."

"त्या मिशा होय? मला वाटलं चहा पिऊन तोंड पुसलं नाहीस."

ती हसली, पण जरा उशिराच. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. तीस वर्षं त्यांनी तशाच एका पार्कात पाळणे दुरुस्त केले होते.

"एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखतची नाही. पण ज्याच्यावर गुदरली त्याच्या हातचा चहा मी पंधरा वर्षं प्यायलोय. खोटं बोलण्याइतकी अक्कल त्याला नव्हती. आम्ही त्याला पट्टीवाला म्हणायचो."

"सुरू झालं," दीर पुटपुटला आणि पाय वर घेऊन बसला.

"पट्टीवाला फाटकापाशी केबिनमध्ये बसायचा. आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या मनगटाला कागदी पट्टी बांधायची, तिच्यावर आईबापाचा नंबर लिहायचा, तोच नंबर वहीत उतरवायचा. पोर हरवलं तर नंबर त्याच्या हातावरच. जाताना पट्टी कात्रीने कापायची आणि डब्यात टाकायची. रात्री डबा मोजायचा. जितक्या बांधल्या तितक्या कापलेल्या निघाल्या पाहिजेत. एक जरी कमी आली तर समजायचं, कुणाचं तरी पोर आत राहिलंय. मग दिवे मालवायचे नाहीत. शोधत सुटायचं. मी स्वतः दोनदा बॅटरी घेऊन फिरलोय."

"सापडलं?"

"एक सापडलं, बदकाच्या होडीत झोपलेलं. दुसऱ्याने पट्टी खाल्ली होती."

दीर खो खो हसला. सासरे हसले नाहीत.

"एका वर्षी अशीच साथ आली. गुरुवारी सकाळी आरोग्य खात्याचा माणूस मालकाला सांगून गेला, सोमवारी तुमच्याकडे आजारी मूल येऊन गेलंय, त्या दिवसाच्या सगळ्या नंबरांवर आजच फोन करा, लस द्यायला एवढाच दिवस उरलाय. नंबर होते पट्टीवाल्याच्या वहीत. मालक त्याला म्हणाला, सुट्टीचे दिवस आहेत, आत्ता बोंब मारलीस तर फाटकाला कुलूप लागेल. सुट्ट्या संपू देत, मग कर काय करायचं ते."

"आणि त्यांनी ऐकलं?" तिने विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"ऐकलं. वाईट नव्हता गं पोरी तो. भित्रा होता. वही उघडायचा, पहिला नंबर बोटाखाली धरायचा, आणि मिटायचा. गप्प बसायचं ठरवलं की माणसाला कारणं बरी सुचतात."

तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"तीन आठवडे असेच गेले. मग एका शुक्रवारी रात्री त्याने डबा मोजला. बांधलेल्या चारशे बारा. कापलेल्या चारशे तेरा."

"चुकला असेल मोजायला," दीर म्हणाला.

"त्यालाही तेच वाटलं. तीनदा मोजल्या. कमी आली असती तर काय करायचं ते त्याला माहीत होतं. जास्त आली तर काय करायचं? शनिवारी दोन जास्त. पट्टी बांधणारा तोच. कापणारा तोच."

खाली रस्त्यावर एक दुचाकी थांबली, मग गेली.

"रविवारी रात्री पावणेअकरा वाजले होते. माणसं गेलेली. पाळणे थांबलेले. फाटक आतून बंद. पट्टीवाला मान खाली घालून मोजत होता. आणि..."



"आणि काय, बाबा?"

"खोकला. लहान मुलाचा. आतल्या बाजूने."

"मग?"

"त्याने वर बघितलं नाही. खिडकीच्या फटीतून एक हात आत आला. इवलासा. पट्टी बांधलेला. त्याने ती कापली."

"कापली? पळाला नाही?"

"पंधरा वर्षांची सवय, अरे. समोर हात आला की कात्री चालायची. पट्टी डब्यात पडली. हात गेला. मग... दुसरा आला."

दिराने पाय पोटाशी घेतले.

"मग तिसरा. त्याने कापली. चौथा. कापली. बोलणं नाही. रडणं नाही. नुसता खोकला. शेवटचा हात आला तो... मूठ मिटलेली. उघडायचीच नाही. इतकं लहान. त्याला कुणीतरी उचलून धरलं असणार. खिडकी उंच होती ना..."

ती उठली. पुन्हा बसली.

"सकाळी त्याने जास्तीच्या पट्ट्या वहीशी ताडून बघितल्या. सगळे नंबर त्या सोमवारचे. तेव्हा कुठे त्याने फोन लावले. पहिल्या घरी कुणी बोललंच नाही, नुसतं मागचं रडणं ऐकू आलं. दुसऱ्या घरी बाप होता. एवढंच म्हणाला, आता करताय?"

"त्या पोरांनी त्याला... काही केलं का?" दिराचा आवाज बारीक झाला होता.

"काय करणार? घरी जायला निघाली होती बिचारी. जाताना पट्टी कापून घ्यायची असते, एवढं त्यांना ठाऊक होतं."

वीज आली नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली आणि अंधारात ओट्याला टेकून तिने त्या चार ओळी उघडल्या. खाली एक ओळ वाढवली: 'हा मेसेज मला सोमवारीच आला होता.' खोडली. परत लिहिली. अकरा वाजून बारा मिनिटांनी पाठवली.

चार घरांतून काहीच आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं. एकच शब्द.

'सोमवारी?'

तिने लिहायला घेतलं. फोन पालथा ठेवून ती आत गेली.

खिडकीतल्या चांदण्यात बटण भिंतीला चिकटून अंग चोरून झोपलेली दिसली. एवढा मोठा पलंग, आणि पोर पार कडेला. तिने कपाळाला हात लावला. थंडगार. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग तिने बाजूच्या मोकळ्या जागेवर हात टेकला.

चादर तापली होती. नुसती कोमट नव्हे. तापाने फणफणलेल्या अंगासारखी. तिने हात उचलला. पुढे ठेवला. तिथे गार. आणखी पुढे... तापलेली. परत गार. परत तापलेली. अशा पाच जागा. शेवटची अगदी छोटी, तिच्या तळहातात मावेल एवढी.

"बटण," ती कशीबशी म्हणाली. "बाळा, इकडे कोण झोपलं होतं?"

बटणने डोळे उघडले. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ना, आई. त्यांना आत्ताच झोप लागलीय."