घळीतून दगडाबाई

“स्ट्रेचर घेतलंय खरं, पण ही वाट शेळीची हाय, माणसाची नाय,” रामहरी माझ्या कानाशी पुटपुटला. अॅम्ब्युलन्सचा हा ड्रायव्हर कुरकुरल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि टाकलेलं मागे घेत नाही.

दौलताबादमागच्या डोंगरात, घळीच्या तळाशी दगडाबाई पडली होती. तिला वर आणायचं होतं. गावची विहीर फेब्रुवारीतच आटली; टँकर मात्र रोज आमच्या दारावरून शहरातल्या नव्या इमारतींकडे पळत होते. शेळ्यांना पाणी पाजायला ती झिऱ्यावर उतरली, दरड निसटली आणि मांडीचं हाड मोडलं. गावची आशाताई म्हणून वाट दाखवायला मी पुढे, मागे रामहरी आणि डॉक्टर शिवराज. तिचा नवरा कडुबा खाली तिच्याजवळ थांबला होता.

कातळ तव्यासारखा तापलेला. हात टेकवला तर चटका, नाही टेकवला तर दरी! तीन ठिकाणी बसूनच घसरलो.

दगडाबाईनं पदर दातांत धरला होता. डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब पाहिला, पाय फळीला बांधला.

“शून्य ते दहा, किती दुखतंय मावशी?”

ती काय सांगणार? आमच्याकडे बाळंतपणात ओरडलं तरी सासू तोंड दाबते.

“असू द्या,” ती म्हणाली.

“लई धीराची हाय,” कडुबा अभिमानानं म्हणाला. डॉक्टरांनी कागदावर ‘दोन’ लिहिलं. दोन!

“डॉक्टर, ते मॉर्फिन?” मी विचारलं. मागच्या महिन्यात बैठकीत त्यांनीच आम्हाला त्याचा सीलबंद डबा दाखवला होता, श्वास मंदावला तर द्यायच्या उताऱ्याच्या औषधासकट.

“गरज नाही. शांत आहेत त्या.”

चौघांनी उचललं. वीस पावलं गेलो असू. मुरूम सरकला! रामहरी गुडघ्यावर आला. स्ट्रेचर कलंडलं! पट्ट्यांनी तिला धरलं, पण पायाला हिसका बसलाच. तोंडातून आवाज नाही. फक्त पदर टर्रकन फाटला.

तिथं माझं डोकं फिरलं. “ओरडत नाही म्हणजे दुखत नाही होय? त्या नव्या इमारतीतली बाई असती, तर एव्हाना सुई लागली असती!”

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या डब्याचं सील फोडलं.

“दीड वर्षात पहिल्यांदा फुटला हा डबा,” रामहरी स्वतःशीच बोलला.

थोडंसंच औषध, शिरेतून, अगदी हळू. मग बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून ते तिचा श्वास मोजत बसले. काही मिनिटांनी दगडाबाईचा जबडा सैल झाला, वळलेल्या मुठी उघडल्या. मी डोळे पुसले.

आणि चढलो! ओणवे, रांगत, डोंगराला शिव्या घालत. दर पन्नास पावलांना थांबून तिचा श्वास बघत. शेवटचा टप्पा कडुबानं स्ट्रेचरखाली खांदा देऊन पार केला.

गाडीचं दार लागलं. दगडाबाईनं डोळे किलकिले केले.

“डॉक्टरसायेब, हे औषध खालीबी व्हतंच ना तुमच्यापाशी?”

“होतं.”

“मंग?”

रामहरी किल्ली फिरवायचा थांबला. कडुबा खिडकीबाहेर बघू लागला. मी चादरीच्या घड्या घालत बसले.

“आजवर कुणालाच दिलं नव्हतं, मावशी,” डॉक्टर म्हणाले. “मला भीती वाटत होती.”