मधोमध दांड्याचा ड्रायव्हर

शालूबाईचा डोळा गेला, ही बातमी घेऊन शिपाई चावडीवर आला तेव्हा फौजदार नृसिंहराव हेरवाडकर पानावर बसत होते. पान तसंच राहिलं. फौजदार तडक माळावर गेले.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. सारं कोल्हापूर कुस्तीसाठी वेडं, पण अप्पासाहेब जहागीरदारांना साहेबलोकांच्या गोल्फनं झपाटलं होतं. लांब टोल्याच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. तिचं डोकं दांड्याच्या एका अंगाला असतं. अप्पासाहेबांना काहीतरी जगावेगळं हवं होतं, म्हणून त्यांनी ते हातोडीसारखं करवून घेतलं. लाकडी डोक्याला मधोमध आरपार भोक, भोकात दांडा, आणि डोकं निसटू नये म्हणून दांड्याच्या टोकात ठोकलेली पाचर. ही काठी गौस खराद्यानं घडवली होती. पाळण्याचे खूर आणि पोळपाट करणारा माणूस, पण हात असा की लाखेच्या रोगणात तोंड दिसावं.

त्या दुपारी एका इंग्रज इंजिनिअर साहेबापुढं काठीची परीक्षा होती. अप्पासाहेबांनी सगळी ताकद लावून टोला हाणला आणि डोकं दांड्यावरून सुटलं. कडेला गवत कापत असलेल्या शालूबाईच्या तोंडावर ते बसलं. तिचा नवरा सयाजी अप्पासाहेबांच्या काठ्या वाहायच्या कामावर होता. बायको पडताना त्यानं डोळ्यांनी पाहिली.

फौजदार पोचले तेव्हा गौसला झाडाला बांधलं होतं. अप्पासाहेबांनी त्याच्या दुकानाला कुलूप घातलं होतं आणि त्याला गुन्हेगार म्हणून उभं करायचं ठरवूनच टाकलं होतं. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं, त्यांना चौकशी लागत नाही.

"पाचर ठोकलीवतीस का?" फौजदारांनी गौसला विचारलं.

"ठोकली की, सायेब. बाभळीची. माझ्या पोरांची आण."

"मग गेली कुठं?"

फौजदारांनी गवत कापणाऱ्या बायकांना ओळीनं बसवून मुठी-मुठीनं शोध घेतला. डोकं सापडलं होतं, पाचर मिळाली नाही. डोकं जिथून सुटलं आणि जिथं पडलं, त्या वाटेवर कुठंच नाही.

मग त्यांनी काठी उन्हात धरली. रोगण तांबडंलाल होतं, पण डोक्यावर आणि त्याच्या वर वीतभर दांड्यावर ते पांढुरकं पडलं होतं. त्याच्या वर पुन्हा चकचकीत. पांढऱ्याची कड दांड्याभोवती सरळ फिरली होती.

अप्पासाहेबांना विचारल्यावर ते म्हणाले की सकाळी त्यांनी स्वतः डोकं पिळून पाहिलं होतं, दगडासारखं घट्ट होतं. इंजिनिअर साहेब उशिरा आले, म्हणून काठी दुपारपर्यंत माळावरच उन्हात पडून राहिली. आदल्या दिवशी गौसनं ती आणून दिली, आणि रात्रभर ती तबेल्याशेजारच्या खोलीत होती. खोलीची किल्ली सयाजीकडे. साहेबांना तर ही काठी पहिल्यापासून हास्यास्पद वाटत होती, पण तिला त्यांनी हातही लावला नव्हता.

फौजदार तबेल्यामागं जाऊन आले. परतताना त्यांची मूठ मिटलेली होती.

दवाखान्याच्या पडवीत सयाजी गुडघ्यात मान घालून बसला होता. आत शालूबाई विव्हळत होती. फौजदार त्याच्या शेजारी जमिनीवरच टेकले. गौसलाही तिथं आणवलं होतं आणि अप्पासाहेब खुर्चीवर होते.

"सयाजी, तू मूळचा कुरुंदवाडचा न्हवं? शेतात राबलायस?"

"व्हय जी."

"कुदळीचा दांडा ढिला झाला तर काय करायचास?"

"पाण्यात ठिवायचा रातभर. फुगतोय आन्..." सयाजी थांबला. त्याची मान वर झाली नाही.

फौजदारांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. लाखेला पाणी लागलं की ती पांढरी पडते. ही काठी बादलीत उभी केली होती, म्हणून पांढरं वीतभरच. गौस आपल्या हातचं रोगण पाण्यात बुडवणार नाही. साहेबांना कुदळीची युक्ती ठाऊक नाही आणि अप्पासाहेबांनी जन्मात कुदळ धरलेली नाही. भिजून लाकूड फुगलं, म्हणून सकाळी डोकं घट्ट लागलं. सकाळपासून उन्हात ते सुकलं, आणि असं सुकलेलं लाकूड पहिल्याहून सैल पडतं. पाचर असती तरी निभावलं असतं.

त्यांनी मूठ उघडली. आत बाभळीची पाचर होती.

"तबेल्यामागं मिळाली. टोला हाणताना कुणीतरी तिथली हिरवळ उखडलीय. काल सांजेला."

सयाजीनं तोंड झाकून घेतलं. मग तो बोलला. "इतकी वर्सं ह्यांच्या काठ्या वाहतोय. एकबी टोला मारू दिला न्हाई कधी. नवी काठी हातात आली, वाटलं, एकदा मारून बघावं. डोकं निसटलं. पाचर हुडकली, अंधारात घावंना. चाकरी जाईल म्हणून भिजत घातली."

"आणि गौसला बांधला तवा का न्हाई बोललास?"

अप्पासाहेब खुर्चीत चुळबुळले. गौसच्या दोऱ्या सोडल्या, तरी तो हलला नाही, सयाजीकडे पाहत राहिला.

"आत जाऊन बायकोला सांग," फौजदार म्हणाले. "माझ्याकडनं कळण्यापेक्षा तुझ्याकडनं कळू दे."

सयाजी आत गेला. दार उघडंच होतं. तो अडखळत बोलला. त्याचं सांगून झालं तेव्हा शालूबाईनं पट्टी बांधलेलं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"डोळा गेला त्याचं काय न्हाई. चुकून गेला," ती म्हणाली. "पर माझ्या उशाशी बसून गौसभाईला शिव्या देत हुता की तुमी. आन् मी बी देत हुते, तुमचं ऐकून."

पडवीत गौस मटकन खाली बसला आणि रडू लागला.