घड्याळजींना कोणी पटवलं?

"मॅडम, आमचे बाबा दुकानात नाहीत! लवकर या!"

फोन करणारा मुलगा, फौजदारबाई पोचल्या तरी दारातच येरझारा घालत होता. दुकान कसलं, घड्याळजींचं अख्खं आयुष्यच ते! एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर टिकटिक. त्याच भिंतीला हात जाईल एवढी भेग.

टेबलावर एक घड्याळ उघडून ठेवलेलं. धूळ बसू नये म्हणून वर काचेचं भांडं पालथं घातलेलं. झटापटीची खूण कुठे नाही.

"भांडण?" बाईंनी विचारलं.

"रोजचंच," मुलगा म्हणाला. " ही भिंत कधी अंगावर येईल नेम नाही. दुकान सोडा म्हणतो, तर ऐकतील तर शपथ! काल म्हटलं, उचलून नेईन."

"मग?"

"म्हणाले, हात लावून बघ!"

घड्याळजींची मुलगी कोपऱ्यात डोळे पुसत होती. पलीकडच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या कचेरीत राखणीला उरलेली एकटी कारकून.

"दादा आरडाओरडा करतो, मी आपली गोडीत सांगते. पण बाबांना पटवायची कुणाची बिशाद? डोळ्याला भिंग लावलं की त्यांचे कान बंद!"

भिंग टेबलावर नव्हतं. बारीक हत्यारांची पेटीही नव्हती. बाईंनी खण ओढला. आत गोळ्यांची डबी.

"हृदयाच्या," मुलगा म्हणाला. "दुपारची चुकली की छातीत धरतं."

मुलगी पांढरीफटक पडली. "खिशात नाही घेतली?" तिनं घाईघाईनं पर्स उचलली. "मी... जरा जाऊन येते."

बाईंनी खिडकीतून कारखान्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटाकडे. वेळ जुळत होती.

"त्यावर जाऊ नका," मुलगा म्हणाला. "कारखाना बंद पडला तेव्हाच ते मेलंय."

बाहेर मोठा काटा एक घर सरकलेला पाहून बाईंनी गोळ्यांची डबी उचलली. मग मुलीपुढे हात धरला.

"मनोऱ्याची किल्ली."

"कसली किल्ली?"

"ताई, वेळ नाही. जीपमध्ये बसा दोघंही."

गाडी निघाली तशी बाई बोलू लागल्या.

"मेलेलं घड्याळ आज बरोबर चालतंय. त्यात जीव घालणारा हात इथे एकच. हत्यारं गेली, म्हणजे माणूस कामाला गेला. उघडं घड्याळ झाकून, गोळ्या ठेवून गेला, म्हणजे लगेच परतणार होता. शब्दांनी न वळणाऱ्याला बंद घड्याळ दाखवलं की तो लेकरासारखा मागे येतो, हे घरच्यांनाच ठाऊक. कालच्या भांडणानंतर दादामागे ते गेले नसते. कारखान्याच्या किल्ल्या तुमच्याकडे. आणि 'खिशात नाही घेतली?' हे, ते कुठे आहेत ते ठाऊक असणारंच माणूस विचारतं."

"तू?" भाऊ तिच्याकडे वळला.

तिला हुंदका आवरेना. "दुपारी दुकानातलं सामान न्यायला टेम्पो यायचा होता, तोवर त्यांना मनोऱ्यात कोंडलं. दुकान रिकामं झालं की बाबा माझ्याकडे राहायला येतील, असं वाटलं. त्या भिंतीखाली मेले असते हो ते!"

मनोऱ्याचं कुलूप निघालं. घड्याळजी जिन्याला टेकून बसले होते. ओठ निळसर, श्वास तुटका, बोटं वंगणानं काळी. बाईंनी गोळी जिभेखाली ठेवली. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

मुलीनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. "चुकले मी, बाबा. पण तुम्हाला पटतच नव्हतं ना..."

घड्याळजींनी काळ्या बोटांनी तिचं डोकं वर केलं.

"पोरी, घड्याळ चालू झालं तेव्हा पहिली हाक तुलाच मारली. पटवायला आली असतीस, तर दार उघडं ठेवलं असतंस."