नाइस म्हणजे बह्याड

ते झेरॉक्सचं दुकान आता नाही, तिथं मोबाइलवाला बसतो. पण बालाघाटच्या बस स्टँडवरून जाताना माझी मान अजून तिकडेच वळते, काय करू!

तेव्हा माझं इंग्रजीत एमए चालू होतं आणि दुपारी मी त्या दुकानात बसायचे. एके दिवशी भुरभुर पावसातून एक मुलगा आला. भरवेलीच्या खाणीत नवा लागलेला लोकेश. त्याचे भिजलेले कागद मी पंख्याखाली वाळवून दिले, तर म्हणतो कसा, "आप बहुत नाइस हो, मॅडम!"

मला हसू आवरेना.

"नाइसचा अर्थ माहीत हाय का तुले?"

"हौ... चांगली."

"मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अडाणी. इंग्रजीत आला तेव्हाही नाइस म्हंजे मूर्खच. तू तं मले बह्याड म्हनून राह्यला!"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी परत हजर — एका आधार कार्डाची एक झेरॉक्स काढायला! मग रोजच.

"काय नाइस मॅडम, चहा घेता का?"

"घेते नं, नाइस साहेब!"

दोन वर्षं असंच. तो माझ्याकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा... आणि पावसापाण्याचं बोलायचा. असा राग यायचा मला!

तेवढ्यात गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा पोहे खात तासभर गाडीचं मायलेज सांगत बसला. पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "कसा वाटला, खुशी?"

सवयीनं तोंडातून निघालं, "नाइस!"

झालं! मी खुलासा करेपर्यंत बाबांनी फोनवर होकार कळवलासुद्धा. आई पेढे घेऊन शेजारी पळाली.

मी रडतच दुकानात आले. लोकेश तिथंच होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही.

"तुले तो आवडला का?"

"नाही रे!"

"मंग मी... मी चालन का?"

"दोन वर्षं काहून नाही बोलला?"

"भेव वाटे. तू नाही म्हनली असती तं?"

तसाच गाडीवर बसवून त्यानं मला घरी आणलं. बाबा दारातच उभे होते. या वेळी मी स्वच्छ मराठीत सांगितलं, "बाबा, मले लोकेशसंगच लग्न करायचं हाय."

बाबांनी आम्हाला दोघांनाही आत घेतलं. मग त्यांनी गोंदियाला फोन लावला.

"माफ करा," ते म्हणाले, "पोरीले नीट विचारलंच नोतं मी."